दूरसंचार क्षेत्रातील स्पर्धा : नियंत्रणमुक्ती की नियमांची फेरमांडणी?

वाणिज्य व अर्थशास्त्राच्या वर्गात मक्तेदारी आणि स्पर्धा हा घटक शिकविताना दूरसंचाराचे उदाहरण हमखास दिले जाते. आधी सरकारी मक्तेदारी होती, मग नियंत्रणे उठली, खासगी कंपन्या आल्या आणि दर उतरले, एवढे फळ्यावर लिहिले की घटक संपतो. ही मांडणी चुकीची नाही, पण अपुरी आहे. नियंत्रणे उठली की स्पर्धा आपोआप येते, असा समज त्यातून विद्यार्थ्यांचा होतो. वस्तुतः १९९४ नंतर या क्षेत्रातील नियम नाहीसे झाले नाहीत. ते बदलत गेले, आणि प्रत्येक बदलाबरोबर कोण टिकणार व ग्राहकाने किती मोजायचे हेही बदलले.

परवाना शुल्काचा पेच

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर देशाचे ‘सर्कल’ नावाचे विभाग करून प्रत्येकात दोन खासगी मोबाईल कंपन्यांना परवाने देण्यात आले. महानगरांबाहेरील सर्कलसाठी बोली लागल्या. कंपन्यांनी अवाच्या सवा वार्षिक शुल्क कबूल केले आणि ते वसूल करता करता त्यांच्या नाकी नऊ आले. त्या काळी गर्दीच्या वेळी एका मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत दर होता व आलेल्या कॉलचेही पैसे पडत. दोन कंपन्यांची स्पर्धा होती, परंतु सामान्य माणसाला तिचा उपयोग नव्हता. त्याचा आधार नाक्यावरचा एस.टी.डी. बूथच होता.

१९९९ च्या नव्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातील हिस्सा घेण्याची पद्धत आणली. उद्योग सावरला तो या एका बदलाने. मात्र ‘उत्पन्न’ म्हणजे नेमके काय, हा वाद तेव्हापासून धुमसत राहिला आणि २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो सरकारच्या बाजूने निकाली काढला. ज्या नियमाने कंपन्या वाचल्या, त्याच नियमाची थकबाकी वीस वर्षांनी काहींच्या मुळावर आली.

जोडणीचा प्रश्न

दूरसंचार हा साबण किंवा कापडासारखा व्यवसाय नाही. गावात नवा कापड दुकानदार आला तर त्याला जुन्या दुकानदाराच्या परवानगीची गरज नसते. नव्या फोन कंपनीचे तसे नाही. तिच्याकडे एक हजार ग्राहक असतील व जुन्या कंपनीकडे दहा लाख, तर त्या दहा लाखांशी बोलता आल्याखेरीज नव्या कंपनीचा फोन कोणी घेणार नाही. जुन्या कंपनीने आपल्या जाळ्याशी जोडणी दिलीच नाही, किंवा तिचे भाडे भरमसाट लावले, तर नवी कंपनी दारातच अडखळते. म्हणून येथे बाजार मोकळा सोडून देणे म्हणजे बलवानाच्या हाती किल्ली देणे होय. हा मुद्दा विद्यार्थ्यांना पटला की नियामक कशासाठी हवा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

१९९७ साली स्थापन झालेल्या भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ‘ट्राय’चे, मोठे काम याच जोडणीभोवती झाले. मे २००३ मध्ये जोडणी शुल्काची नवी व्यवस्था आली आणि येणारे कॉल मोफत झाले. त्यामुळे मिस्ड कॉल देऊन समोरच्याचा फोन येण्याची वाट पाहणारा रिक्षावाला आणि सुतारही मोबाईलधारक झाला. पुढे एका कंपनीने दुसरीला प्रत्येक मिनिटामागे द्यावयाचे हे शुल्क २०१५ मध्ये १४ पैसे, १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य करण्यात आले. दर उतरविला की ज्यांच्याकडे कॉल जास्त येतात त्या जुन्या कंपन्यांचे उत्पन्न घटते व नव्या कंपनीचा खर्च वाचतो. आकडा पैशांत दिसतो. हिशेब मात्र कोट्यवधींचा असतो.

सर्कलची सीमा

सर्कलची रेघ भाषेच्या किंवा नात्यागोत्याच्या रेघेवरून गेलेली नाही. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये आहे, बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये. त्यामुळे पणजीहून सावंतवाडीला केलेला फोन एकाच सर्कलमधला, तर बेळगावहून जवळच्याच चंदगडला केलेला फोन परसर्कलचा ठरे. सीमेलगत फोनने पलीकडचा टॉवर पकडला की घरात बसून रोमिंग लागे. इंदूर व ग्वाल्हेर मध्य प्रदेश सर्कलमध्ये, बडोदे गुजरातमध्ये. हैदराबाद तर तेलंगण राज्य २०१४ मध्ये झाल्यानंतरही परवान्याच्या नकाशावर आंध्र प्रदेश सर्कलमध्येच राहिले. लेकीची सोयरीक सीमेपलीकडे झालेल्या घराला हा भेद दरमहा भरावा लागे. मार्च २००६ मध्ये सरकारी कंपन्यांनी देशभर मिनिटाला एक रुपया हा दर आणला तेव्हा ही भिंत प्रथम खचली. रोमिंगचा वेगळा आकार प्रमुख कंपन्यांनी काढून टाकला तो २०१६-१७ मध्ये, जिओच्या आगमनानंतर.

पुन्हा मोजक्याच कंपन्या

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे दर कोसळले. त्यानंतर काही कंपन्या बंद पडल्या, काही विकल्या गेल्या; ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया एकत्र आल्या. २०२५ मध्ये थकबाकीच्या बदल्यात त्या एकत्रित कंपनीत सरकारचा हिस्सा सुमारे ४९ टक्के झाला. एकेका सर्कलमध्ये दहा-दहा कंपन्या असण्याचे दिवस गेले, आणि डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ व जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांचे दर एकापाठोपाठ वाढले.

याची झळ स्मार्टफोनवाल्याला कमी, साध्या फोनवाल्याला अधिक बसली. २०१८ च्या अखेरीस किमान मासिक रिचार्जची अट आली आणि केवळ येणारे कॉल घेण्यासाठी ठेवलेले सिमही फुकट राहिले नाही. ज्या विधवेला किंवा वृद्धाला इंटरनेट नकोच आहे, त्याच्या माथीही डेटाचे पॅक पडू लागले. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने दुरुस्ती करून केवळ कॉल व एस.एम.एस. असलेले पॅक प्रत्येक कंपनीने देणे बंधनकारक केले आणि अशा विशेष पॅकची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवस केली. त्यांची किंमत ठरविणे मात्र कंपन्यांकडेच राहिले. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील सर्व सिमचे वर्षभराचे रिचार्ज मांडून त्यातील कोणते पैसे प्रत्यक्ष वापराचे व कोणते केवळ नंबर जिवंत ठेवण्याचे, हे वेगळे काढले, तर या घटकाचा उत्तम प्रकल्प होईल.