वाळूवरची युद्धनौका

खंडेनवमीच्या दिवशी आपल्या परभणीकडील शेतकऱ्याच्या घरी काय चालते, ते तुम्ही पाहिलेच आहे. नांगर, तिफण, कुऱ्हाड, कोयता, विळा अशी सारी अवजारे अंगणात काढली जातात. त्यांना लागलेली माती धुऊन टाकतात, गंज घासून काढतात, पात्यांना तेलाचे बोट फिरवितात आणि मगच त्यांना गंधफूल वाहतात. एखाद्या घरी आजोबांच्या हातचा जुना, आता कामास न येणारा कोयताही त्या रांगेत मांडलेला असतो. त्याने आता ऊस तोडावयाचा नसतो. तरीही त्याला कोणी भंगारात टाकीत नाही. ज्या हातांनी तो धरला होता त्या हातांची आठवण त्यात राहिलेली असते.

घराला जे कळते ते राष्ट्रालाही कळले पाहिजे. देशाच्या रक्षणासाठी ज्या नौकांनी समुद्र पालथा घातला, त्या म्हाताऱ्या झाल्यावर त्यांचे काय करावे? मोडून त्यांचे पोलाद विकावे, की जपून ठेवावे? आणि जपावयाचे तर कशासाठी व कसे? या प्रश्नांचा विचार आपण आज करणार आहो.

आपला जिल्हा गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठचा. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. म्हणून मनाने थोडा प्रवास करू या. गोव्याच्या दक्षिणेस, कर्नाटकाच्या किनाऱ्यावर कारवार हे गाव आहे. कोकणी, मराठी आणि कन्नड अशा तिन्ही भाषा तेथे कानी पडतात. तरुणपणी रवींद्रनाथ ठाकुर तेथे काही काळ राहिले होते, म्हणून तेथील समुद्रकिनाऱ्यास त्यांचेच नाव दिलेले आहे. या किनाऱ्यावर पाण्यात नव्हे, तर वाळूच्या बाजूस जमिनीवर एक करड्या रंगाची युद्धनौका उभी आहे. तिचे नाव 'चपल'.

चपल ही क्षेपणास्त्र वाहून नेणारी लहान, वेगवान नौका. 1976 साली ती भारतीय नौदलात दाखल झाली आणि 2005 साली निवृत्त झाली. पुढे तिला कारवारच्या किनाऱ्यावर आणून तिचे संग्रहालय करण्यात आले. तिची लांबी सुमारे 39 मीटर आहे. आत शिरले की वाट अरुंद होत जाते. छत डोक्यास लागेल की काय असे वाटते. नौसैनिक कोठे बसत, कोठे निजत, कोणते यंत्र कोण चालवी, हे कळावे म्हणून आत नौसैनिकांचे पुतळे ठेवलेले आहेत. एवढ्याशा जागेत सुमारे 30 माणसे राहत, स्वयंपाक करीत, पहारा देत आणि वेळ आली तर लढत. पुस्तकातील दहा पाने वाचून जे उमगत नाही, ते तेथे एकदा खाली वाकून आत शिरल्याने उमगते.

या जातीच्या नौकांचा पराक्रम समजून घ्यावयाचा तर 1971 सालाकडे वळले पाहिजे. त्या वर्षाच्या आरंभी आपल्या नौदलाने सोव्हिएत संघाकडून अशा नौका घेतल्या. त्यांना तीन इंजिने असत आणि त्यांचा वेग ताशी सुमारे 70 किलोमीटर होता. प्रत्येक नौकेवर चार क्षेपणास्त्रे असत व ती 40 किलोमीटरांच्या आसपास मारा करीत. मोठी जहाजे घेऊन आलेल्या या नौका कलकत्ता बंदरात उतरविण्यात आल्या, आणि तेथून साऱ्या द्वीपकल्पाला वळसा घालून, दुसऱ्या जहाजांना बांधून ओढीत, त्या मुंबईस आणल्या गेल्या. अशा नौका मुळात घडविलेल्या होत्या त्या आपल्या बंदराजवळ राहून किनाऱ्याचे रक्षण करण्यासाठी. दूरच्या मोहिमेस पुरेल इतके इंधन त्यांत मावत नसे.

परंतु आपल्या नौदलाने निराळाच विचार केला. राखणदारालाच चढाईवर पाठविले तर? 4 डिसेंबर 1971 च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन नौका कराचीच्या रोखाने निघाल्या. त्यांच्या सोबतीला 'किलतान' व 'कच्छाल' ही मोठी जहाजे होती आणि इंधन पुरविण्यासाठी 'पोषक' नावाचे तेलवाहू जहाज होते. मोहिमेचे नाव होते 'ट्रायडंट', म्हणजे त्रिशूळ. या तीन नौकांचे प्रमुख होते कमांडर बब्रुभान यादव. अंधारात क्षेपणास्त्रे सुटली. शत्रूची 'खैबर' ही विनाशिका आणि 'मुहाफिज' ही सुरुंग काढणारी नौका बुडाली. किनाऱ्यावरील तेलाच्या टाक्यांनी पेट घेतला. आपली एकही नौका गमावली नाही आणि आपला एकही माणूस दगावला नाही. कमांडर यादव यांना महावीरचक्र देण्यात आले. याच पराक्रमाची आठवण म्हणून दर वर्षी 4 डिसेंबर हा दिवस 'नौदल दिन' म्हणून पाळला जातो.

मुलांनो, विजयाची गोष्ट वाचताना दोन गोष्टी विसरू नका. क्षेपणास्त्राची कळ दाबणारा एक असतो. परंतु तापलेल्या इंजिनाशेजारी घामाने निथळत उभा असलेला, तेलाची नळी धरणारा, संदेश ऐकणारा, भाकरतुकडा रांधणारा, असे अनेकजण त्याच्या पाठीशी असतात. त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की, बुडालेल्या जहाजांवरही माणसेच होती आणि त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत होते. म्हणूनच युद्धस्मारकापाशी आपण टाळ्या वाजवीत नाही. क्षणभर मुकाट्याने उभे राहतो.

तसे उभे राहण्याची पाळी आपल्यावरही लवकरच आली. 9 डिसेंबरच्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर आपल्या 'खुकरी' या युद्धनौकेला शत्रूच्या पाणबुडीने बुडविले. त्या नौकेबरोबर 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक सागरतळी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपल्या सहकाऱ्यांना वाचविण्याची खटपट केली आणि स्वतः मात्र नौका सोडली नाही. मरणोत्तर महावीरचक्राने त्यांचा गौरव झाला. खुकरी समुद्राच्या पोटात आहे. तिच्यापाशी फूल कसे वाहणार? म्हणून दीव येथे, समुद्राकडे तोंड करून, तिचे स्मारक उभारले आहे. पुढे त्याच नावाची दुसरी युद्धनौका नौदलात आली. तीही सेवा संपवून निवृत्त झाली तेव्हा 2022 साली दीवच्याच स्वाधीन करण्यात आली.

आता तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "गुरुजी, चपल तर 1976 साली नौदलात आली. मग ती कराचीच्या लढाईत कशी असेल?" प्रश्न अगदी रास्त आहे. चपल त्या लढाईत नव्हती. ती निपात, निर्घात आणि वीर यांच्या कुळातील, त्यांच्यामागून जन्मलेली नौका होय. आजोबांचा चेहरा पाहावयास मिळाला नाही तर आपण नातवाच्या चेहऱ्यात त्यांची ठेवण शोधतो, तसेच हे आहे. तेच अरुंद जिने, तशीच इंजिने, तसेच क्षेपणास्त्रांचे पेटारे. शिवाय ज्यांना युद्ध करावे लागले नाही, त्यांची सेवा कमी प्रतीची मानावयाची काय? एकोणतीस वर्षे चपल व तिच्यावरील माणसे सज्ज राहिली. राखणदार जागा आहे हे ठाऊक असले की चोर सहसा कुंपण ओलांडीत नाही. जागे राहणे हाही पराक्रमच आहे.

कारवारच्या या नौकेजवळच एका वीराचा पुतळा आहे. ते मेजर रामा राघोबा राणे. त्याच भागातील चेंडिया गावचे ते सुपुत्र. एप्रिल 1948 मध्ये काश्मीरात नौशेरा ते राजौरी या वाटेवर शत्रूने सुरुंग पेरले होते व झाडे आडवी पाडून रस्ता अडविला होता. गोळ्यांच्या वर्षावात, स्वतः जखमी असताना, राणे यांनी तो रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करून दिला. त्याबद्दल त्यांना परमवीरचक्र मिळाले. भूमीवर लढणारा वीर आणि सागरावर पहारा देणारी नौका अशी ही जोडी तेथे शेजारी शेजारी उभी आहे.

नौका जपणे हे मात्र पुतळा उभारण्याइतके सोपे नाही. पाण्यात असताना नौकेला पाणी सर्व बाजूंनी सारखे तोलून धरते. जमिनीवर आणली की तो आधार नाहीसा होतो. नुसती टेकविली तर तिचा सारा भार थोड्याच ठिकाणी येऊन तळ वाकेल. यास्तव तिच्या तळाच्या आकाराप्रमाणे भक्कम आधार बांधून, भार वाटला जाईल अशा रीतीने तिला बसवावे लागते.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे गंज. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तीन एकत्र आली की गंज धरतो. आणि मीठ त्या कामी हातभार लावते. समुद्रकाठच्या वाऱ्यात मीठ भरलेलेच असते. त्यातून कोकणपट्टीचा चार महिन्यांचा पाऊस! समुद्रात असताना नौकेच्या तळाला जस्ताचे ठोकळे बसवितात. जस्त स्वतः झिजते आणि पोलादाला वाचविते. किनाऱ्यावर हा उपाय चालत नाही. तेथे गंज खरवडणे, गंजरोधक रंगाचा हात देणे, त्यावर पुन्हा रंग चढविणे, कोनाकोपऱ्यांत पाणी साचू न देणे, हाच उपाय. आणि तो एकदा करून भागत नाही. पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षे करावा लागतो.

ही निगा कमी पडली तर काय होते, हे 'विक्रांत'च्या कहाणीवरून कळते. विक्रांत हे भारताचे पहिले विमानवाहू जहाज. 1961 साली ते नौदलात आले. 1971 च्या युद्धात त्याच्यावरील विमानांनी बंगालच्या उपसागरातून चितगाव आणि कॉक्स बझार येथे हल्ले केले. 1997 साली ते निवृत्त झाले आणि मुंबईत त्याचे संग्रहालय झाले. शाळेतील मुले रांगा लावून ते पाहावयास जात. परंतु इतक्या प्रचंड जहाजाची डागडुजी म्हणजे अतोनात खर्च. जहाज जीर्ण होत गेले. 2012 साली, पाहणाऱ्यांस धोका होईल म्हणून, संग्रहालय बंद करावे लागले. ते वाचावे म्हणून काही नागरिक न्यायालयापर्यंत गेले. तथापि 2014 साली त्याचा लिलाव झाला आणि मुंबईच्याच किनाऱ्यावर ते तोडण्यात आले. त्याच्या पोलादातून घडविलेले एक लहानसे स्मारक 2016 साली मुंबईत नौदल गोदीजवळ उभारण्यात आले. 2022 साली त्याच नावाचे नवे, आपल्याच देशात बांधलेले जहाज नौदलात आले, ही आनंदाची गोष्ट होय. नाव पुन्हा आले. परंतु ज्या डेकवरून ती विमाने उडाली, तो डेक कोणाच्याही पायांना आता लागणार नाही.

उलट, मोडीत निघालेली वस्तूही माणसांच्या चिकाटीने परत उभी राहते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे दुसऱ्या महायुद्धात बांधलेली 'पीटी-305' ही लाकडी गस्ती नौका भूमध्य समुद्रात लढली. युद्धानंतर ती विकली गेली. पुढे तिची लांबी तेरा फूट कापून टाकली आणि ती समुद्रातील कालवे काढण्याच्या कामी लागली. पुष्कळ वर्षांनी एका संग्रहालयाने ती मिळविली. स्वयंसेवकांनी फळी फळी बसवून तिला मूळ रूप दिले आणि 2017 साली ती पुन्हा लोकांना घेऊन पाण्यावर फिरू लागली.

आपल्या महाराष्ट्रातही असा संकल्प झाला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1657 साली कल्याण घेतले आणि तेथील खाडीकाठी, दुर्गाडीच्या परिसरात, मराठी आरमाराचा पाया घातला. त्याच दुर्गाडीजवळ नौदल संग्रहालय उभारण्यासाठी नौदलाने 'टी-80' ही आपली निवृत्त नौका दिली आहे. 1998 साली सेवेत आलेली ही लहान, वेगवान नौका उथळ पाण्यात गस्त घालण्यासाठी होती. खुद्द मराठी आरमाराची गुराबे आणि गलबते मात्र आज आपल्याला पाहावयास मिळत नाहीत. सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे, विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत जुन्या गोदीचे अवशेषही आहेत. परंतु ज्या नौकांसाठी ती गोदी खोदली त्या काळाच्या उदरात गेल्या. त्या कोणी राखल्या असत्या तर!

मुलांनो, आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही. परंतु माजी सैनिक आहेत. एखाद्या गावी पारावर बसलेले, चष्मा पुसणारे ते आजोबा कधी काळी सीमेवर उभे असतील. दर वर्षी 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. त्या दिवशी छातीवर छोटा ध्वज लावून, निधीला हातभार लावून थांबू नका. त्यांच्यापाशी बसा, त्यांना नमस्कार करा आणि त्यांनी काय पाहिले, काय सोसले ते विचारा. ऐकलेले वहीत लिहून ठेवा. नौकेच्या पोलादाला जसा गंज चढतो, तसा माणसांच्या आठवणींनाही चढतो, आणि तो खरवडण्यास रंग लागत नाही. ऐकणारे कान लागतात.

खंडेनवमीला आपण अवजार आधी घासतो आणि मग त्यावर फूल वाहतो. हा क्रम ध्यानात ठेवा. आधी निगा, मग पूजा. ज्यांनी आपल्यासाठी प्राण वेचले त्यांचा खरा सन्मान याच क्रमाने होतो.

स्वाध्याय

1. खंडेनवमीच्या उदाहरणावरून लेखकाने कोणता विचार पटवून दिला आहे?
2. चपल ही नौका 1971 च्या युद्धात नव्हती, तरीही ती जपणे योग्य का ठरते?
3. जमिनीवर आणलेल्या नौकेची निगा राखताना कोणत्या अडचणी येतात?
4. विक्रांत आणि पीटी-305 यांच्या कहाण्यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
5. आपल्या गावातील एखाद्या माजी सैनिकाची भेट घेऊन त्यांनी सांगितलेली एक आठवण दहा ओळींत लिहा.