बारवेत उतरायचं कुणी?

महाशिवरात्रीच्या संध्याकाळी गावच्या बारवेत पणत्या लावायची प्रथा अलीकडे महाराष्ट्रात चांगली रुजते आहे. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या बारव मोहिमेमुळे शेकडो बारवा नकाशावर नोंदल्या गेल्या आणि गावोगावच्या मंडळींनी टिकाव-फावडी हाती घेतली. परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या बारवेच्या चक्राकार पायऱ्या गावकऱ्यांच्या श्रमदानातूनच पुन्हा उजेडात आल्या. हे काम मोलाचं आहे. पण गाळ उपसून झाला की गावाचा खरा इतिहास समोर येतो, आणि तिथं थांबायचं नसतं, असं मला वाटतं.

बारव म्हणजे पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येईल अशी बांधीव विहीर. ‘अपराजितपृच्छा’ या वास्तुग्रंथात तिचे चार प्रकार येतात. एका बाजूनं वाट असेल तर नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तिन्हीकडून जया आणि चारही बाजूंनी उतरता येत असेल तर विजया. भिंतीतल्या देवकोष्ठांत मूर्ती, कुठं एखादा शिलालेख. मराठवाड्यात यादवकाळातल्या बारवा दिसतात, तर सातारा जिल्ह्यातल्या लिंबची बारा मोटांची विहीर छत्रपती शाहूंच्या काळातली आहे. तिच्या शिलालेखात वीरूबाई भोसले यांचं नाव आहे. विहिरीच्या पोटात महाल आहे आणि वर मोटा चालवायच्या जागा. ती पाहताना कळतं की पाणी काढणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतंच. बैल, मोट, नाडा, चाक, पाटाचं पाणी वळवणारा माणूस, अशी सगळी साखळी लागायची.

मग या विहिरी ओस का पडल्या? मोट गेली, डिझेलचं इंजिन आलं, नंतर विजेची मोटर आली. नळयोजना आल्या. आणखी एक कारण आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. पायऱ्या उतरून माणूस थेट पाण्यात पाय घालतो, आणि नारूचा रोग पसरायला तेवढं पुरतं. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की जखमेतून अळ्या पाण्यात पडतात, तेच पाणी गाव पितं. म्हणून नारू निर्मूलनाच्या मोहिमेत पायऱ्यांच्या विहिरींचं पाणी पिणं थांबवण्यावर भर दिला गेला. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात आढळला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. बारवेकडे पाठ फिरवण्यात केवळ गावकऱ्यांची बेफिकिरी होती, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. ज्यांच्या घरात नारूनं माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळला होता, अशी मंडळी अजून हयात आहेत. त्यांना विचारा.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. या पायऱ्या सगळ्यांसाठी नव्हत्या. अनेक गावांत दलित कुटुंबांना पाणवठ्यावर उतरायला बंदी होती. काठावर उभं राहून कुणीतरी वरून पाणी ओतेल याची वाट पाहायची, एवढंच त्यांच्या वाट्याला यायचं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं 1923 साली मंजूर केला होता. तरीही महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, आणि न्यायालयातला निकाल हाती यायला 1937 साल उजाडलं.

म्हणून बारवेचा इतिहास लिहायचा तर बांधणाऱ्या राजाराणीच्या नावाशी थांबून चालत नाही. दगड घडवणारे पाथरवट, माती खोदणारे वडार, मोट हाकणारे, डोक्यावर हंडा घेऊन चढणाऱ्या लेकीसुना आणि काठावर ताटकळलेली माणसं, या सगळ्यांच्या आठवणी त्यात हव्यात. शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना हे काम उत्तम जमतं. प्रत्येक वस्तीतल्या चार-पाच जुन्या माणसांना भेटायचं, मोबाइलवर आवाज नोंदवायचा, तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव त्यांच्या परवानगीनं लिहून ठेवायचं. कथा एकमेकींशी जुळल्या नाहीत तरी दोन्ही ठेवायच्या. पाटलांच्या वाड्यात एक गोष्ट ऐकू येईल, बौद्धवाड्यात दुसरी. दोन्ही ग्रामपंचायतीत एकत्र वाचून दाखवा. सुरुवातीला शांतता पसरेल, कुणी उठूनही जाईल. पण वेगवेगळ्या आळ्यांतली माणसं एकाच विषयावर एकमेकांचं ऐकतात, असे प्रसंग गावात फार येत नाहीत.

कामाची काही पथ्यं आहेत. खोल, कोंदट विहिरीत एकदम उतरू नका, आत विषारी वायू साठलेला असू शकतो. दगड हलवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कोरीव कामाला ऑइलपेंट लावू नका, ॲसिडनं घासू नका, पडलेल्या जोत्याला सिमेंटचा गिलावा देऊ नका. गाळात मूर्ती किंवा नाणी सापडली तर जागच्या जागी नोंद करून पुरातत्त्व विभागाला कळवा. पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना सांगणं 1878 च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारक आहे.

पावसाळ्याआधी गाळ काढण्याचं नियोजन करत असाल, तर त्याआधी एक रविवार आठवणींसाठी राखून ठेवा, आणि बैठक ज्या वस्तीला पूर्वी पाण्याजवळ येऊ दिलं नव्हतं तिथं भरवा.