आखाड्यांचे ऐक्य

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले आणि नाना प्रांतांचे लोक तेथे शेजारी झाले. अशा गावी पंजाबचा गतका, केरळचे कळरिपयट्टु आणि महाराष्ट्राचा दांडपट्टा एकत्र आले, तर त्यांचे ऐक्य कोणत्या स्वरूपाचे असावे? भट्टीत लोहखनिज, कोक व चुनखडी आपापले रूप टाकतात. विद्येला तसे वितळणे मानवत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून मल्लखांब, कुस्ती, लाठी यांना एका आवारात नांदविले. १९३६ साली बर्लिन येथे त्याच्या पथकाने देशी व्यायाम सादर केले. प्रत्येक विद्येचे डाव निराळेच राहिले. शिस्त मात्र सामाईक होती. वस्तादाने राखून ठेवलेला डाव त्याच्याबरोबरच लोपतो. शेजारच्या आखाड्याला दाखविलेला मागे उरतो.