वाडा, ठराव आणि वाळवी

पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या मंदिरासमोर, तात्यासाहेब भिडे यांचा वाडा होता. १८४८ साली याच वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्या जागेचे मोल काय, हे सांगावयास नको. तेथे राष्ट्रीय स्मारक व्हावे असा निर्णय पुणे महापालिकेने २००६ साली घेतला. ताबा मात्र मिळाला डिसेंबर २०२३ मध्ये, आणि ताबा घेताच मोडकळीस आलेला तो वाडा पाडण्यात आला. जे जतन करावयाचे म्हणून सतरा वर्षे खटपट केली, ते हाती येताच जमीनदोस्त करावे लागले! आता तेथे जे उभे राहील ते वाड्याचे स्मारक असेल. वाडा असणार नाही.

या विलंबाचे खापर कोणा एकाच्या माथी फोडणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. तळमजल्यावरील गाळेधारकांची उपजीविका त्या जागेवर अवलंबून होती. भूसंपादनास न्यायालयात आव्हान देण्याचा त्यांचा अधिकार कायद्यानेच दिलेला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने कौल दिला. प्रश्न निकालाचा नाही. निकाल लागेपर्यंत वाड्याचे काय व्हावे, हा आहे.

पुण्याचा वाडा म्हणजे दगडी किल्ला नव्हे. खाली दगडी जोते, वर लाकडी खांब आणि तुळया, कडीपाटाची तक्तपोशी, विटामातीच्या भिंती आणि कौलारू छप्पर. कौल एकदा सरकले की पाणी तुळईच्या टोकात मुरते, त्यामागून वाळवी येते, आणि दोनचार पावसाळ्यांत सबंध खण खचतो. वेळीच शाकारणी झाली असती तर जो खर्च हजारांत भागला असता, तो पुढे लाखांत जातो.

ही शाकारणी करावी कोणी? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. भाडेकरूंना त्या काळी संरक्षण आवश्यकच होते. पण त्या भाड्यात मालकाला कौलेही परवडेनाशी झाली. १९९९ च्या कायद्याने परिस्थिती थोडीफार बदलली, तोवर वाड्यांच्या दोन पिढ्या दुरुस्तीविना गेल्या होत्या. वारस वाढले, हिस्से पडले, दावे लागले. अशा मालकाला वाडा वारसा यादीत आल्याचा आनंद होण्याऐवजी धास्ती वाटते, यात नवल ते काय? यादी त्याला काय करू नये ते सांगते. पैसा कोठून आणावा ते सांगत नाही.

याच शहरात उलट उदाहरणेही आहेत. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा आणि शनिवारवाड्याजवळचा नाना फडणविसांचा वाडा आज उभे आहेत. गंज पेठेतील फुल्यांचे राहते घर राज्य संरक्षित स्मारक आहे. ही वास्तू सार्वजनिक ताब्यात होती, म्हणून तिथे दुरुस्तीचे हात पोहोचले. खाजगी वाड्याच्या वाट्याला मात्र पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतीची नोटीस येते. वस्तुतः १९४९ च्या महापालिका अधिनियमाने अशी इमारत पाडणे, सावरणे वा दुरुस्त करणे, असे तिन्ही मार्ग खुले ठेवले आहेत. व्यवहारात पहिलाच मार्ग जवळचा ठरतो. कारण मोकळ्या भूखंडाला किंमत येते, सावरलेल्या वाड्याला येत नाही.

म्हणून यापुढे कोणताही वाडा राखण्याचा निर्णय करताना महापालिकेने दोन गोष्टी त्याच बैठकीत ठरवाव्यात. एक, भाडेकरूंची पर्यायी सोय. म्हणजे निम्मे दावे उभेच राहणार नाहीत. दुसरी, मालकीचा वा संपादनाचा वाद मिटेपर्यंत छप्पर शाकारण्यासाठी आणि तुळयांना टेकू देण्यासाठी स्वतंत्र तरतूद. वाद चालू असतानाही एवढी डागडुजी करू द्यावी, अशी परवानगी न्यायालयाकडे आरंभीच मागावी. तीत कोणाचाही हक्क बुडत नाही.

न्यायालयातील तारीख पुढे ढकलता येते. मृगाचा पाऊस त्याच्या तारखेला येतो, आणि तो ठराव वाचून गळायचा थांबत नाही.