सावलीच्या वाटेवरचे दोन तालुके

व्यंकटेश बापूजी केतकरांचं नाव आज पंचांगामुळे माहीत असतं. ‘केतकी’ ग्रहगणिताचे कर्ते म्हणून जाणकार त्यांना मानतात. त्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. याच केतकरांनी १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिर्विज्ञान संस्थेच्या पत्रिकेत एक लेख लिहिला आणि नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, असं गणिताने मांडलं. त्यांची नावंही त्यांनी ठेवली : ब्रह्मा आणि विष्णू. गुरूच्या उपग्रहांच्या गतींमध्ये लाप्लासला जो मेळ सापडला होता, तसाच मेळ बाहेरच्या ग्रहांत असेल, या भरवशावर त्यांनी ब्रह्माचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर काढलं. पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट. प्रदक्षिणेचा काळ २४२.२८ वर्षं. १९३० साली क्लाइड टॉमबॉला प्लूटो सापडला तेव्हा त्याचं अंतर निघालं साडेएकोणचाळीस पट आणि काळ २४८ वर्षं. त्याच वर्षी केतकर गेले.

या जुळणीवर अभिमानाचे लेख अधूनमधून येतात. त्यात थोडी गफलत असते. केतकरांनी अंतर आणि काळ सांगितला. ग्रह आकाशात कुठे शोधायचा हे सांगितलं नाही. दुर्बीण कुठल्या राशीकडे वळवायची हेच कळत नसेल, तर त्या आकड्याला शोध म्हणता येत नाही. शिवाय विष्णू आजवर कोणाला सापडलेला नाही. तरी केतकरांची गोष्ट इथे आधी सांगण्याला कारण आहे. दूरच्या गोठलेल्या जगांबद्दल आपल्याला जे कळतं, त्यात ‘किती’पेक्षा ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ जास्त मोलाचं ठरतं. आणि हे ‘कुठे-केव्हा’ टिपायचं काम पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या हौशी निरीक्षकांना जमण्यासारखं आहे. नुसतं जमण्यासारखं नाही, त्यासाठी हा प्रदेश सोयीचाही आहे. या लेखाचं म्हणणं एवढंच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. आता यानं तिथवर जाऊन आली, मग खालून बघायचं काय उरलं? व्हॉयेजर २ हे यान २५ ऑगस्ट १९८९ रोजी नेपच्यूनजवळून गेलं आणि ट्रायटन या त्याच्या बर्फाळ उपग्रहावर उसळणारे फवारे त्याने दाखवले. न्यू होरायझन्स १४ जुलै २०१५ला प्लूटोपासून सुमारे साडेबारा हजार किलोमीटरवरून गेलं. दोन्ही यानं थांबली नाहीत. थांबणं शक्यच नव्हतं. तितक्या वेगाला आवर घालण्याइतकं इंधन नेणं आवाक्याबाहेरचं होतं. म्हणजे या दोन जगांची जवळून झालेली भेट प्रत्येकी एकच, तीही काही तासांची. पण ही जगं बदलतात. प्लूटोची हवा ही तिथल्या नायट्रोजनच्या बर्फाची वाफ. तो सूर्यापासून लांब चालला आहे, तेव्हा ती हवा पुन्हा गोठून खाली बसायला हवी, असा तर्क होता. त्याचं काय झालं, हे सांगायला यान पुन्हा जाणार नाही.

ते सांगितलं ताऱ्यांनी. एखादा दूरचा गोल नेमका एखाद्या ताऱ्यासमोरून सरकतो आणि तारा क्षणभर झाकला जातो, त्याला पिधान म्हणतात. गोलाला हवा असेल तर तारा एकदम विझत नाही, मंद होत जातो, आणि त्या मंदावण्याच्या वळणावरून हवेचा दाब काढता येतो. ६ जून २०२० रोजी प्लूटोने असा एक तारा झाकला. नैनितालजवळच्या देवस्थळ इथल्या दुर्बिणींनी ते टिपलं आणि दाब निघाला १२ मायक्रोबारच्या आसपास, म्हणजे आपल्या हवेच्या सुमारे ऐंशी हजारावा भाग. २०१५पासून दाब फारसा बदलला नव्हता. ट्रायटनचं उदाहरण तर हौशी लोकांच्या जास्त जवळचं. ५ ऑक्टोबर २०१७ला त्याने एक बऱ्यापैकी तेजस्वी तारा झाकला, युरोप आणि अमेरिकेत सुमारे नव्वद ठिकाणांहून त्याच्या नोंदी मिळाल्या, आणि त्यांत अनेक हौशी निरीक्षकांच्या होत्या. व्हॉयेजरने १९८९मध्ये दिलेला दाब अठ्ठावीस वर्षांनीही जवळपास तसाच असल्याचं त्यातून दिसलं. अब्जावधी किलोमीटर जाऊन यानाने केलेल्या मोजमापाचा पडताळा अंगणातल्या दुर्बिणींनी घेतला, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नव्हे.

आता भूगोलाकडे येऊ. तारा इतका दूर असतो की त्याचे किरण पृथ्वीवर जवळजवळ समांतर येतात. त्यामुळे झाकणाऱ्या गोलाची सावली गोलाएवढीच रुंद पडते आणि सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने जमिनीवरून धावत जाते. तिची वाट बहुधा पूर्व-पश्चिम असते. सावलीत उभा असलेला प्रत्येक निरीक्षक तारा किती वेळ गायब होता ते मोजतो, आणि त्या वेळेला वेगाने गुणलं की गोलाच्या अंगावरची एक जीवा मिळते. अशा चार-पाच जीवा एकाखाली एक मांडल्या की आकार उभा राहतो. म्हणून निरीक्षक हवेत उत्तर-दक्षिण रांगेत, एकमेकांपासून काही किलोमीटरवर. शिरूर घोड नदीवर, दौंड भीमेवर. दोन्ही गावांमधलं सरळ अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, आणि रेघ उत्तरेकडून दक्षिणेला जाताना पूर्वेकडे कललेली. मध्ये न्हावरे आहे, मांडवगण फराटा आहे. सगळा सपाट, उघड्या क्षितिजाचा, पर्जन्यछायेतला मुलूख. डोंगर आडवा येत नाही आणि गावागावांत रस्ता जातो.

हे अंतर नीट लक्षात ठेवावं. न्यू होरायझन्स प्लूटोनंतर १ जानेवारी २०१९ला अरोकोथ नावाच्या बर्फाळ तुकड्याजवळून गेलं. या तुकड्याची लांबी सुमारे छत्तीस किलोमीटर, म्हणजे त्याची सावली शिरूर आणि दौंडच्या मध्ये मावली असती. पण त्या तुकड्याच्या आकाराचा अंदाज यान पोचण्याआधीच आला होता, तोही सावलीतून. १७ जुलै २०१७च्या रात्री अर्जेंटिनात, पॅटागोनियाच्या किनाऱ्याकडे, चोवीस फिरत्या दुर्बिणी ओळीने लावल्या गेल्या. वारा भयंकर होता, तर स्थानिकांनी आडोशाला ट्रक उभे केले. गावातले दिवे मालवले. गाड्यांचा उजेड नको म्हणून हमरस्ता दोन तास बंद ठेवला. (पुणे-नगर रस्ता ताऱ्यासाठी दोन तास बंद, ही कल्पना करून पाहावी!) चोविसांपैकी पाच दुर्बिणींत तारा क्षणभर विझला, आणि त्या पाच जीवांवरून तुकडा एकसंध गोल नसून लांबट किंवा दोन गोळे चिकटल्यासारखा असावा, हे दिसलं. यानाने दीड वर्षाने छायाचित्र पाठवलं, त्यात चिकटलेले दोन गोळेच होते.

रांग कशासाठी हवी, याचा धडा भारतातच मिळालेला आहे. १० मार्च १९७७ला युरेनसने एक तारा झाकला. अमेरिकी वैज्ञानिक विमानातल्या दुर्बिणीने हिंदी महासागरावरून ते पाहत होते. तामिळनाडूत कवलूरला भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी पाहत होते. युरेनस ताऱ्यापाशी पोचण्याआधीच तारा काही सेकंद मंदावला. कवलूरच्या नोंदीचा पहिला अर्थ लावला गेला तो नवा उपग्रह असा, आणि त्याच अर्थाने ती छापूनही आली. विमानातून मात्र अशा अनेक घटी दिसल्या, ग्रहाच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्या अंतरावर. म्हणजे उपग्रह नव्हे, कडी. कवलूरचं निरीक्षण चुकलं नव्हतं. ते एकटं पडलं होतं. अलीकडे क्वावार या बर्फाळ बुटक्या ग्रहाभोवती सुमारे ४१०० किलोमीटर त्रिज्येचं कडं सापडलं, जिथे शास्त्राप्रमाणे कड्याऐवजी उपग्रह व्हायला हवा होता. २०२३मध्ये जाहीर झालेल्या या शोधाच्या नोंदींत ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींच्याही नोंदी होत्या.

सावलीच्या मागे माणसांनी दुर्बिणी घेऊन जावं, ही गोष्ट या भागाला नवी नाही. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली महाराष्ट्रावरून गेली. दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवरच्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला उतरले. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेलही तिथेच तळ ठोकून होता. जेऊर का? कारण सावली तिथून जाणार होती, आणि आगगाडी तिथे थांबत होती. नायगमवालांची पुण्यातली वेधशाळा कितीही चांगली असली तरी त्या दिवशी ती चुकीच्या जागी होती.

शेजारी एवढी मोठी यंत्रं असताना हौशी दुर्बिणींचं काय घेऊन बसलात, या आक्षेपाचं उत्तरही यातच आहे. गिरवलीला आयुका या खगोलसंस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे. खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण आहे. १९ ऑक्टोबर २०१६ला मंगळावर उतरू पाहणाऱ्या स्कियापारेली यानाचा क्षीण संदेश तिने खोडदहून ऐकला, तो यान आदळण्याच्या जरा आधी तुटेपर्यंत. हे मोठंच काम. पण या यंत्रांना चाकं नाहीत. सावली तीस किलोमीटर दक्षिणेने गेली तर गिरवलीची दुर्बीण नुसती बघत राहणार. आठ-दहा इंची दुर्बीण मात्र मोटारीच्या मागच्या सीटवर बसते.

उजेडाचा आक्षेप अर्धा खरा आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींचा झगमगाट क्षितिजावर दिसतो, आणि आकाशगंगा पाहायची हौस असेल त्याची त्यात निराशा होते. पिधानाला आकाशगंगा लागत नाही. एक तारा टिपला की पुरे, आणि कॅमेरा थोडा पांढरट आकाशही सोसतो. खरी अडचण वेळेची आहे. सावली सेकंदाला पंचवीस किलोमीटर धावते, तेव्हा दशांश सेकंदाच्या चुकीने जीवा अडीच किलोमीटर सरकते. मोबाइलमधल्या घड्याळावर त्यासाठी विसंबता येत नाही; प्रत्येक चित्रावर जीपीएसची वेळ उमटवणारी सोय लागते. दुर्बिणीच्या आकारावरून वाद घालणाऱ्या मंडळांनी आधी या वस्तूचा खर्च काढावा.

पावसाचा आक्षेप मात्र टाळता येत नाही. सध्या प्लूटो मध्यरात्री आकाशात सर्वांत वर येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. आपल्याकडे तेव्हा ढग. प्लूटोचा नाद इथे धरू नये, हे बरं. पण हौमेया आणि मेकमेक हे बुटके ग्रह भूतप आणि अरुंधती केश या तारकासमूहांच्या बाजूला आहेत, आणि ते रात्रभर दिसतात मार्च-एप्रिलमध्ये, रब्बीची काढणी चालू असताना, जेव्हा आकाश महिना महिना स्वच्छ असतं. युरेनसला हिवाळा मिळतो.

शेवटी दुर्मीळपणा. एखाद्या बर्फाळ गोलाची सावली नेमकी या दोन तालुक्यांवरून जावी आणि ताराही लहान दुर्बिणीच्या आवाक्यातला असावा, हा योग वर्षानुवर्षं येणार नाही. मान्य. म्हणून सराव करायचा तो मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांवर. त्यांची पिधानं भरपूर होतात, आणि गाइया उपग्रहाने ताऱ्यांच्या जागा अचूक मोजल्यापासून त्यांची भाकितं विश्वासाने वापरता येतात. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आहे. शिकवायला माणसं आहेत. रात्री जागायची सवय तर इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. थ्री-फेज वीज रात्री येते तेव्हा उसाला पाणी द्यायला तो जातोच, आणि बिबट्याच्या भीतीने एकटा जात नाही. दुर्बिणीवरही दोघांनी बसावं, हा नियम त्याच कारणाने इथे आपोआप पाळला जाईल.

आणि ज्याच्या दुर्बिणीत तारा विझलाच नाही, त्यानेही वही भरावी. ३ जून २०१७ला अरोकोथसाठी अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिकेत दुर्बिणी लावल्या होत्या. एकीतही तारा विझला नाही, आणि त्या कोऱ्या नोंदींनीच वैज्ञानिकांना तुकड्याच्या आकाराचा फेरविचार करायला लावला. न्हावऱ्याला तारा विझला आणि शिरूरला विझला नाही, तर गोलाची उत्तरेकडची कड त्या दोन गावांच्या मध्ये कुठेतरी आहे. शिरूरच्या माणसाने ‘काही दिसलं नाही’ म्हणून नोंद पाठवली नाही, तर ती कड कुठे आहे हे कोणालाच कळणार नाही.