दवाखाना पारखून घ्या

आपल्या वस्तीत कुणी आजारी पडले की दवाखाना तीन गोष्टींवर ठरतो. शेजारणीची सून तिथे बाळंत झालेली असते, रिक्षावाल्याला पत्ता ठाऊक असतो आणि डॉक्टर पैशासाठी दोन दिवस थांबतात. तिन्ही गोष्टी कामाच्या आहेत, पण तिथे रुग्णाची देखभाल कशी होते हे त्यांतली एकही सांगत नाही. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, शिरपूर, चाळीसगाव, कुठेही जा, दहा-पंधरा खाटांची खासगी नर्सिंग होम दिसतात. त्यांतली काही फार चांगली आहेत. काही अशी आहेत की रुग्ण तिथे स्वतःच्या ताकदीवर बरा होतो आणि बिल मात्र उपचाराचे लागते. बाहेरच्या पाट्या दोन्हींच्या सारख्याच असतात. म्हणून आत गेल्यावर काय पाहायचे, ते आम्ही परिचारिकेच्या नजरेने सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे डॉक्टर रुग्णाला हात लावतात का?

हा प्रश्न आपल्यासाठी जुना आहे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लिखाणात १९२९ सालची काठियावाडातली हकिकत नोंदवली आहे. एका अस्पृश्य शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. गावातल्या मोठ्यांनी रदबदली केली आणि दोन रुपये फी ठरली, तेव्हा कुठे डॉक्टर आला. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला आणि नवऱ्याने बायकोला. परत येतानाही तो त्याच हातांनी आला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहून आजार सांगितला. ती बाई वाचली नाही.

आज थर्मामीटर कुणी दुसऱ्याच्या हातून पाठवत नाही. पण खुर्चीवरून न उठता, दोन वाक्ये ऐकून चिठ्ठी लिहिणारे आजही भेटतात. नाडी पाहिली का? पोट दाबून पाहिले का? डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते पाहिले? पाठीला नळी लावून श्वास ऐकला? यातले काहीच झाले नसेल तर तो उपचार अंदाजाचा आहे, मग सलाईनच्या कितीही बाटल्या लागोत. (सलाईन म्हणजे बहुतेक वेळा मीठ-साखरेचे पाणी. ते मागून घेण्याची आपली सवयही सुटायला हवी.) आणखी एक गोष्ट कानाने टिपा. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना ‘अहो ताई’ आणि आपल्या आजीला ‘ए म्हातारे’ असे होत असेल, तर त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका. ज्याला नीट हाक मारत नाहीत त्याच्या तक्रारीकडेही नीट लक्ष देत नाहीत, असाच आमचा अनुभव आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे, तो आपल्यातल्या बहुतेकांनी विहारात ऐकला असेल. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन उचलून खाटेवर ठेवले. त्याच प्रकरणात चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध नीट देता येते. रुग्णाला काय चालते आणि काय चालत नाही हे कळते. तो लाभासाठी नाही, मैत्रीभावाने सेवा करतो. मलमूत्र, थुंकी, उलटी यांची किळस करत नाही. आणि रुग्णाला शब्दांनी धीर देतो. नर्सिंगची पुस्तके आम्ही नंतर वाचली, पण वॉर्ड तपासायला आजही हेच पाच गुण पुरतात.

औषधाचे पाहा. चांगली सिस्टर इंजेक्शन देण्याआधी रुग्णाचे नाव विचारते, केसपेपर पाहते आणि ‘कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का’ हे विचारते. कसले इंजेक्शन आहे असे विचारले तर सांगते. ‘तुम्हाला काय करायचंय’ असे उत्तर आले तर बहुधा तिलाही ते माहीत नसते. किळसेचे पाहायचे असेल तर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाकडे बघा. चादर ओली झाली की कोण बदलते? दर दोन तासांनी कूस कोण बदलून देते? बऱ्याच छोट्या दवाखान्यांत हे काम नातेवाइकांवरच सोडलेले असते. नातेवाइकांनी मदत जरूर करावी, पण रुग्णाच्या माकडहाडाजवळ लाल चट्टा पडला तर ती दवाखान्याची जबाबदारी आहे.

खाटेजवळचा तक्ता वाचायला शिका. त्यावर ताप, नाडी, श्वास आणि बीपी वेळेसह लिहिलेले असते. सकाळपासून रात्रीपर्यंतचे सगळे आकडे एकसारखे आणि एकाच पेनाने एका दमात लिहिलेले दिसले, तर ते मोजलेले नाहीत. बाळंतिणीच्या बाबतीत तर यावर जीव अवलंबून असतो. बाळ झाल्यानंतरचे पहिले दोन तास रक्तस्रावाचे. या वेळात दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, पोटावरून गर्भाशय आणि अंगावरून जाणारे रक्त पाहायचे असते. पेढे वाटण्याच्या गडबडीत ती आई एकटी पडलेली आम्ही फार वेळा पाहिली आहे. म्हणून घरातल्या एका बाईने बाळाजवळ नाही, आईजवळ थांबावे.

जून २०२० मध्ये जळगावच्या सरकारी रुग्णालयात काय झाले ते आपण विसरलेलो नाही. कोरोनाची ८२ वर्षांची रुग्ण आजी बेपत्ता असल्याचे सांगितले गेले आणि आठवड्याने तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. साथीचा काळ होता, माणसे कमी होती, हे सगळे खरे. पण पाळी बदलताना प्रत्येक खाटेजवळ उभे राहून रुग्ण मोजून ताब्यात घेणे हा नर्सिंगचा पहिला धडा आहे. दहा खाटांच्या दवाखान्यात तर त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. तुमच्या दवाखान्यात सकाळी आणि रात्री सिस्टर बदलतात तेव्हा दोघी मिळून खाटेजवळ येतात का, एवढे पाहा.

रात्र हीच खरी परीक्षा. भरती होण्याआधी सरळ विचारा, ‘रात्री दोन वाजता इथे कोण असतं?’ पाटीवर ज्यांचे नाव आहे ते डॉक्टर घरी झोपलेले असतात, त्यात गैर काही नाही. पण आवारात कोण आहे, त्यांची पदवी काय, मोठे डॉक्टर किती मिनिटांत येतात, ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर आहे का, वीज गेली तर काय, याची उत्तरे मिळाली पाहिजेत. परिचारिकेकडे एएनएम किंवा जीएनएम शिक्षण आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवी. छोट्या दवाखान्यात पांढरे कपडे घातलेली मुलगी पुष्कळदा दहावी-बारावी झालेली, तिथेच पाहून शिकलेली असते. ती अनेकदा आपल्याच वस्तीतली असते, थोड्या पगारावर बारा-बारा तास उभी असते. तिच्यावर ओरडू नका. प्रश्न मालकाला विचारा. शुश्रूषेसाठी पुरेशा प्रमाणात शिकलेल्या परिचारिका ठेवण्याची अपेक्षा १९४९ पासून आपल्या राज्याच्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यात आहे.

डॉक्टरांची पदवीही वाचा. सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये मार्च २०१७ मध्ये ओढ्याजवळ १९ भ्रूण पुरलेले सापडले. तो दवाखाना होमिओपॅथीची पदवी असलेल्या माणसाचा होता. आणि ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असे कुणी पहिल्याच भेटीत म्हणाले तर बीड आठवा. तिथे २०१९ मध्ये सरकारी समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२ हजार बायकांची पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आपल्या खानदेशातूनही जोडपी ऊसतोडीला जातात. अशा वेळी कागद घेऊन धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरे मत घ्या. दुसरे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात सांगायचे तर दोन रुग्णांच्या मध्ये हात धुतले जातात का, सुई नव्या पाकिटातून समोर काढली जाते का आणि कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्या वेगळ्या आहेत का, हे पाहा.

आता भिंतीकडे वळा. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार नोंदणी प्रमाणपत्र, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावलेली हवी. प्रमाणपत्राची मुदत संपलेली नाही ना, तेही वाचा. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असतील तर दुसरी स्त्री हजर हवी. तातडीच्या रुग्णाला आगाऊ रक्कम मागून दारातून परत पाठवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच जीव वाचवणे आधी, असे ठरवले आहे. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो दवाखाना आहे का, हे १५५३८८ या क्रमांकावर आधीच विचारून घ्या. असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटल्याशिवाय पैसे भरू नका.

काही बिघडलेच तर तोडफोड नको. त्याने गुन्हा आपल्या पोरांवर लागतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. केसपेपरची प्रत लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जळगाव आणि धुळे शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि बाकी जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार द्या. फी घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, हे १९९५ पासून ठरलेले आहे. त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते आणि बिल पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. जातीवरून उपचार नाकारले तर तो ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. तक्रारीच्या दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख व सही घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.