झारेकऱ्याचं घमेलं

बसा इथेच पायरीवर. बाहेर गेलात की चिखल आणाल आणि आजी ओरडेल माझ्यावर.

चिखलावरून आठवलं. मी तुमच्याएवढा असताना आमच्या सराफकट्ट्यात भल्या पहाटे झारेकरी यायचे. सोनारांच्या दुकानांपुढचा केर झाडायचे, गटारातला गाळ उपसायचे. "सफाईवाले होते, आजोबा?" छे रे! सोनं वेचणारे. कानस फिरली की सोन्याचा कीस उडतो, तो कुठेतरी पडतोच ना? घमेल्यात गाळ घ्यायचा, पाणी ओतायचं आणि गोल गोल हिसडे द्यायचे. माती जायची, वाळू जायची, तळाशी काळसर रेघ उरायची. त्या रेघेत सोनं! कारण वाळू पाण्याच्या अडीच पट जड, लोखंड जवळजवळ आठ पट आणि सोनं 19 पटींहून जास्त. ही लिटरची बाटली सोन्याने भरली तर 19 किलो 300 ग्रॅम भरेल. बंडू, तुला नाही हो उचलायची.

मग त्यात पारा घालायचे. पारा सोन्याला पोटात घेतो. फडक्यातून पिळायचं, उरलेला गोळा तापवायचा. पारा उडून जातो, सोनं मागे राहतं. ती वाफ भारी विषारी, पण त्या बिचाऱ्यांना सांगणार कोण?

आणि गटारात पडून ते गंजत कसं नाही? हवापाण्याशी सोन्याचं देणंघेणंच नाही. नुसत्या नायट्रिक आम्लालाही ते दाद देत नाही. त्यात तिप्पट हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलं की मात्र विरघळतं. त्या मिश्रणाला अम्लराज म्हणतात.

एवढं हट्टी, पण अंगाने लोण्यासारखं मऊ. एक ग्रॅम ठोकत गेलं तर चौरस मीटरभर पसरतं. तसा वर्ख उजेडासमोर धरला तर पलीकडचा उजेड पिवळा नाही, हिरवट दिसतो! पिवळा परत फिरतो, हिरवा-निळा थोडा आरपार येतो.

एकदा घरातला थर्मामीटर फुटला. तुमच्या आजीने पारा बोटांनी गोळा केला आणि अंगठी पांढरीफटक! मी सोनाराशी भांडायला निघालो, चांदी दिलीस म्हणून. त्याने हसत अंगठी तापवली, पुन्हा पिवळी करून दिली.

तेव्हा थर्मामीटर फुटला तर पाऱ्याला हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची.